मधली पस्तीस वर्षे

वस्तू जुनी केव्हा होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या आजीच्या पिढीने वापरलेली तांब्यापितळेची भांडी पुढच्या पिढीने मोडीत घातली आणि त्या पैशांत लखलखीत स्टेनलेस स्टील घरी आणले. आज तिसरी पिढी तसलीच घंगाळी व समया शोधून काढते, मोडीच्या कितीतरी पट दाम मोजते आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात त्या मोठ्या हौसेने मांडते. मधल्या काळात घंगाळ्यात काही फरक पडला होता असे नाही. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या नजरेत. त्यामुळे जुनेपणा वस्तूत किती असतो आणि आपल्या डोळ्यांत किती, हे निश्चित सांगणे अवघड होऊन बसते.

वाहनांच्या बाबतीत मात्र सरकारने ही अडचण आकड्यांनी सोडवली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते; पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दिल्लीच्या आसमंतात हवाच इतकी बिघडली की राष्ट्रीय हरित लवादाने पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्यांना रस्ता बंद केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. या हुकमात पुढे फेरफार होत राहिले, तरी पंधरा हा आकडा इकडच्या लोकांच्या मनात पक्का बसला. मग जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने आणखी एक नियम काढला. पन्नास वर्षांहून जुनी झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ही 'व्हिंटेज' समजावी. वीस हजार रुपये फी घेऊन तिची नव्याने नोंद करावी. तिच्या पाटीवर 'व्हीए' ही मानाची अक्षरे असावीत.

म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत गाडी ही गाडी असते आणि पन्नाशीनंतर ती वारसा होते. मधली पस्तीस वर्षे ती कोण असते? व्यवहाराच्या भाषेत त्याला एकच शब्द आहे : भंगार. पण कोणतीही गाडी पंधराव्या वर्षावरून एकदम पन्नासाव्यावर उडी घेऊ शकत नाही. मधला सारा काळ तिला कोणीतरी पार करून द्यावा लागतो. तो कोण देतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या गुरुग्रामच्या घरातील जिन्याखाली उभ्या असलेल्या एका बुटक्या मोटरसायकलीने तो मला करायला लावला.

तिचे नाव राजदूत जीटीएस १७५. पण या नावाने तिला कोणी ओळखणार नाही. १९७३ साली राज कपूर यांचा 'बॉबी' पडद्यावर आला, त्यात ही गाडी दिसली, आणि तेव्हापासून साऱ्या देशाने तिचे नाव 'बॉबी' ठेवून दिले. स्कूटरसारखी लहान चाके, ठेंगणा सांगाडा, इवलीशी टाकी. शाळकरी मुलाच्या सायकलीला कोणी इंजिन बसवावे तसे तिचे रूप. परदेशात ज्यांना मिनीबाइक म्हणतात त्या जातीशी नाते सांगणारी आपल्याकडची गाडी म्हणजे हीच. रूप तेवढे खेळण्याचे; इंजिन मात्र थोरल्या राजदूतचे, एकशे त्र्याहत्तर घनसेंटिमीटरचे, टू-स्ट्रोक. त्या थोरल्या गाडीचे कूळ पोलंडचे. तेथील एसएचएल एम-११ या मोटरसायकलीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० नंतरच्या काळात फरीदाबादला राजदूत बनवायला घेतली. १९४४ साली लाहोरात निघालेली ही कंपनी फाळणीनंतर इकडे आली. फरीदाबादची नवी वसाहतही सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठीच वसवलेली. पोलंडचा आराखडा, लाहोरची कंपनी, निर्वासितांचे गाव आणि मुंबईच्या चित्रपटाने ठेवलेले नाव, अशी या छोट्याशा गाडीची जन्मकथा आहे.

माझे वडील सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी दिल्लीला आले आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून झाले. १९७५ साली त्यांनी ही गाडी घेतली. सहा फूट उंचीचा, चष्मा लावणारा, फायलींखेरीज दुसरे काही न वाचणारा हा गृहस्थ 'बॉबी'च्या मोहात कसा सापडला, हे आईला शेवटपर्यंत उमगले नाही. गाडीवर बसले की त्यांचे गुडघे हँडलला टेकत. शेजारपाजारचे हसत. ते मात्र सरोजिनीनगरच्या सरकारी वसाहतीतून रोज सकाळी त्या बुटक्या घोड्यावर स्वार होऊन गंभीर चेहऱ्याने कचेरीला जात. मागे आई आणि मध्ये मी, अशी आमची रविवारची सफर असे.

टू-स्ट्रोक गाडीचे दुखणे म्हणजे तिचा प्लग. पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच ते टाकीत घालायचे, त्यामुळे जळलेल्या तेलाची काजळी प्लगवर साचे आणि ठिणगी रुसे. दर रविवारी वडील प्लग काढून घासायचे आणि आई हातात पाना धरून उभी राहायची. पुढे आम्ही तेव्हाच्या गुडगावात प्लॉट घेऊन लहानसे घर बांधले. १९९० साली मारुती आली. तिचा कारखानाही याच गावात, १९८३ पासून चाललेला. मारुती दारात उभी राहिली आणि बॉबी जिन्याखाली गेली. तेव्हा तिला बरोबर पंधरा वर्षे झाली होती.

त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत गुडगावचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मोहरीच्या शेतांवर काचेचे मनोरे उभे राहिले, आणि २०१६ साली गावानेही आपल्या नावाला कल्हई लावून गुरुग्राम असे लखलखीत रूप घेतले. मोटरसायकलींच्या जगातही उलथापालथ झाली होती. येथून जयपूरच्या वाटेवर धारूहेड्याला १९८५ पासून हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक गाड्या बनू लागल्या. त्यांना पेट्रोल थोडे लागे, तेल मिसळावे लागत नसे, धूरही नसे. १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक झाले तेव्हा टू-स्ट्रोकची सद्दी संपली. यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेल इंधनाबरोबर जळते, शिवाय ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. मार्गशीर्षात या शहराची हवा ज्याने छातीत भरून घेतली आहे, त्याने तरी अशा गाड्यांसाठी फार गळा काढू नये.

वडील २००४ साली गेले. आता घर पाडून त्या जागी चार मजले उठवायचे ठरले. आमच्या गल्लीत तसे न केलेले घर आमचेच राहिले होते. जिनाच जाणार म्हटल्यावर जिन्याखालच्या गाडीचा प्रश्न उभा राहिला. भंगारवाल्याने तंबूचे कापड बाजूला केले, गाडीवर एक नजर टाकली आणि किलोवर भाव सांगितला. आई दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखव, मग काय ते ठरव."

जाणते मिस्त्री जुन्या गावात, सदर बाजाराच्या मागल्या गल्लीत भेटले. वय सत्तरीच्या पुढचे. उमेदवारी फरीदाबादला राजदूतवरच झालेली. त्यांनी प्रथम मला ताकीद दिली, की हौसेने कोणी किक मारायची नाही. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात; जोर केला तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरला कायमचा ओरखडा पडतो. त्यांनी प्लग काढला, विजेरीच्या उजेडात आत पाहिले, मग एक तार आत घालून बाहेर काढली आणि तिचे टोक बोटांनी चोळले. नंतर किकचा दांडा हाताने हळूच दाबला. तो खाली गेला. आत पिस्टन सरकल्याचा ओलसर आवाज झाला.

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले. "इसमें तेल कौन डालता रहा है?" त्यांनी विचारले.

मी काहीच सांगू शकलो नाही. उत्तर आईने दिले. दर दसऱ्याला ती आपल्या शिवणयंत्राची पूजा करते, हे आम्हांला माहीत होते. जिन्याखालच्या गाडीलाही झेंडूची माळ पडते, हेही मी पाहिले होते. पण माळ घालण्यापूर्वी ती पान्याने प्लग काढते, शिवणयंत्राच्या तेलाची बुधली त्या भोकात थोडीशी उपडी करते, किक हाताने चारदोनदा दाबते आणि प्लग पुन्हा बसवून टाकते, याचा घरात कोणालाच पत्ता नव्हता.

"मशीनला तेल घालते तशी हिलाही घालते," ती म्हणाली. "आत काहीतरी वर-खाली होणारंच आहे ना! कोरडं राहिलं की धरतं."

मिस्त्रींनी हात जोडले. "माताजी, गाडी चालेल," एवढेच ते बोलले. मग माझ्याकडे वळून त्यांनी जे सांगितले त्याचा भावार्थ असा, की इंजिन वाचवण्याचे काम होऊन गेले आहे, आता आपण करायचे ते फक्त बाकीचे.

हे बाकीचे काम सात महिने पुरले. टाकीत गंजाचे पापुद्रे साचले होते. ती सिरक्याने भरून ठेवावी, मग मूठभर नट टाकून खुळखुळ्यासारखी हलवावी, धुवावी, वाळवावी, असे चार वेळा करावे लागले. कार्ब्युरेटरमधील जुन्या पेट्रोलचा राळेसारखा चिकटा झाला होता. केसाएवढी भोके त्याने बुजवून टाकली होती. चुंबकाच्या चाकामागील पॉइंटांवर गंज चढला होता. ते घासून त्यांच्यामधले अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास आणले तेव्हा पहिली निळी ठिणगी दिसली. एवढे होऊनही इंजिन धरेना. एक-दोनदा फुरफुरे आणि गप्प होई.

त्याचे कारण मिस्त्रींनी मला समजावून दिले. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पिस्टनच वर-खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडतो आणि मिटतो. इंधन व हवा यांचे मिश्रण आधी खालच्या क्रँकच्या पेटीत ओढले जाते आणि तेथे दाबले जाऊन वर चढते. ही पेटी हवाबंद असेल तरच हे सारे जमते. क्रँकच्या दोन्ही टोकांना बसवलेली रबरी सीले वर्षांनुवर्षे नुसती राहून कडक झाली होती आणि तेथून नको ती हवा आत शिरत होती. बाहेरून सारे ठीक दिसावे आणि आतला दम मात्र सुटून जावा, असे हे दुखणे. इंजिन पुरते उकलावे लागले. नवी सीले निवडताना आणखी एक विचार करावा लागला. २०२५ साली आपल्याकडच्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले; ते जुन्या जातीच्या रबराला मानवत नाही आणि पाणी शोषून घेते. म्हणून सीले आणि पेट्रोलची नळी आजच्या इंधनाला टिकेल अशा रबराची घेतली. जुन्या गाडीला जगायचे तर पाणी आजच्याच विहिरीचे प्यावे लागते.

सुट्या भागांसाठी दिल्लीच्या करोलबागेत नाईवाल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. इंजिनाचे बहुतेक सामान सहज मिळत होते. अडत होते ते बॉबीच्या खास वस्तूंपाशी. इंजिन थोरल्या राजदूतचे, आणि थोरली राजदूत पुढे कितीतरी वर्षे खेडोपाडी दूधवाल्यांनी चालवली, दोन्ही अंगांना कॅन लटकावून. हरियाणात तसेच आपल्या पश्चिम महाराष्ट्रातही. त्यांच्यासाठी रिंगा, सीले, पॉइंट बनत राहिले. पडद्यावरच्या नायकाची गाडी आज चालू होऊ शकते ती त्या अनाम दूधवाल्यांच्या पुण्याईवर. बॉबीचा स्वतःचा दिवा आणि बैठकीचे पत्रे मात्र शोधत शोधत तिच्या माहेरी, फरीदाबादला जावे लागले. अरवलीच्या उघड्या पडलेल्या टेकड्यांमधून तासाभराचा रस्ता. तेथे एका निवृत्त कामगाराच्या माळ्यावर दोन्ही सापडले. त्याने पैसे घेतले, पण आधी चहा पाजला आणि "चालू झाली की आणून दाखवा," असे बजावले.

रंगाच्या बाबतीत आमचा वाद झाला. माझ्या मुलीला वाटे, गाडी नव्यासारखी चकचकीत व्हावी. मिस्त्री म्हणाले, टाकीवर जेथे वडिलांचे गुडघे घासून रंग उडाला आहे तेवढी जागा तशीच ठेवू. गंज थांबवण्यापुरते करायचे, त्यापुढे जायचे नाही. नियमही मूळ रूप राखा असेच सांगतो. पण मिस्त्रींनी काही नियम वाचलेला नव्हता. पन्नास वर्षे यंत्रांत हात घालून त्यांना जे कळले होते, तेच सरकारने उशिरा लिहून काढले होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी तिसऱ्या किकला इंजिनाने आवाज धरला. तो 'टण्-टण्' नाद आणि तेलाच्या धुराचा तो गोडसर वास गल्लीत पसरला तशी वरच्या मजल्यांवरची माणसे सज्जात आली. आईने पदराने नाक झाकले आणि म्हणाली, "धूर तेवढाच करते अजून." मग ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नोंदणीचे जुने पुस्तक होते. आमच्या सर्वांच्या जन्मपत्रिकांच्या पुडक्यात तिने ते जपून ठेवले होते.

गाडी चालू झाली, पण ती जाणार कोठे? व्हिंटेज म्हणून नोंद झालेली गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, अशा निमित्तांपुरतीच तिला मोकळीक. देवळातल्या उत्सवमूर्तीसारखीच तिची स्थिती : एरवी गाभाऱ्यात, सणावारी पालखीतून बाहेर. तावडूजवळ २०१३ साली सुरू झालेले वाहनांचे एक मोठे संग्रहालय आहे. पालख्या, मोटारी, दुचाकी, नाना तऱ्हा तेथे पाहायला मिळतात. गाडी तेथे देऊन टाका, असे एका स्नेह्याने सुचवले. सूचना वाईट नव्हती. पण आईने विचारले, "तिथे दसऱ्याला तेल घालतील का?" या प्रश्नावर कोणाजवळ उत्तर नव्हते, आणि विषय तेथेच मिटला.

आईचा तो प्रश्न गाडीपुरता आहे असे मला वाटत नाही. परमुलखात पिढ्या काढणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो फारच जवळचा आहे. ज्या दिवशी मिस्त्रींनी तेलाचे विचारले, त्या दिवशी माझ्या मुलीने 'बुधली' हा शब्द प्रथम ऐकला. मिस्त्री तिला 'कुप्पी' म्हणत होते, मुलगी 'ऑइल कॅन' म्हणत होती. 'बुधली' तेवढी आईच्या तोंडी राहिली होती. शब्द फार जुना झाला की त्याला कोशात मानाची जागा मिळते, कोणी त्यावर लेखही लिहितो. पण घरात तो जेव्हा नुसताच जुनाट वाटतो, पोरे ज्याला हसतात, तेव्हा तो रोजच्या बोलण्यात फिरता ठेवणारे माणूस लागते. तेही कोणी अभिमानाने करत नाही. आईला भाषा जपायची नव्हती. तिला तेल हवे होते. जपणूक म्हणून ज्याचा आपण मागाहून गौरव करतो, ते करणाऱ्याच्या लेखी बहुधा रोजचे एक कामच असते.

आता गाडीने पन्नाशी ओलांडली आहे. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज आईच्या नावाने भरला. त्याबरोबर विम्याचे कागद, फी आणि जुने नोंदणीपुस्तक जोडावे लागते. मी तो अर्ज वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मालक कोण, बनावट कोणाची, साल कोणते, हे सारे त्यात विचारलेले आहे. मधली पस्तीस वर्षे हिला कोणी सांभाळले, यासाठी रकाना नाही. सरकारला तो ठेवण्याचे कारणही नाही. ती माहिती पिस्टनलाच असते. पण एखादी जुनी वस्तू धडधाकट समोर आली, मग ती गाडी असो, वाडा असो की एखादा शब्द असो, तर तिच्या वयाचे कौतुक करण्याआधी मी आता मनाशी एक प्रश्न विचारतो : हिला मान नव्हता तेव्हा हिच्यात तेल कोण घालत होते?